भार्गवीच्या भल्यासाठी

रविवार, ११ जानेवारी. नावन, आयर्लंड.

ही वही कंपनीने २०१९च्या नाताळात दिली होती, ती आज कपाटातून काढली. निर्णय मोठा आहे आणि मोठा निर्णय मी कागदाशिवाय घेत नाही. सतरा वर्षं औषधांच्या कारखान्यांत व्हॅलिडेशन करतेय. म्हणजे एखादं यंत्र जे करतं म्हणतात ते खरंच करतं का, हे तपासून कागदावर सिद्ध करायचं. मराठीत लिहिलं की घरात कोणी वाचणार नाही. परेशला वाचायचा कंटाळा आणि भार्गवीला देवनागरी येत नाही. एरवी याची मला लाज वाटते, आज सोय वाटतेय.

तर झालं असं. शुक्रवारी फिनबारने, म्हणजे आमच्या साहेबांनी, केबिनमध्ये बोलावलं. व्हॅलिडेशन प्रमुखाच्या दोन जागा निघाल्या आहेत. एक कॅनडात, ओंटारिओला. चालता प्लांट, तयार माणसं. दुसरी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाला. तिथे अजून प्लांटच नाही, नुसती जमीन आणि नकाशे आहेत. यातली कुठली हवी ते ६ मार्चपर्यंत कळवायचं. दोन्ही नको असतील तर इथलं आहे तसं चालू राहील.

पदाचं मला विशेष काही नाही. प्रश्न भार्गवीचा आहे. ती सोळा वर्षांची आहे आणि सध्या ट्रान्झिशन इयरला आहे. हे इथलं एक अजब प्रकरण. दहावीसारखी परीक्षा झाली की मुलांना एक वर्ष मोकळं सोडतात. ना परीक्षा, ना मार्क. नाटक बसवा, डोंगर चढा, कुणाकडे तरी दोन आठवडे काम करा. त्यानंतर दोन वर्षं लीव्हिंग सर्टचा, म्हणजे इथल्या बारावीचा, अभ्यास. म्हणजे हलायचं तर आत्ताच हलायला हवं. शाळेची शेवटची दोन वर्षं तिकडे आणि मग तिकडचीच युनिव्हर्सिटी.

परेशने मटार सोलता सोलता विचारलं, "भार्गवीला विचारलंस का?" मी म्हटलं, आधी माहिती तर गोळा होऊ दे. तो पुन्हा मटारांकडे वळला.

शनिवार, १७ जानेवारी

लॅपटॉपवर इंग्रजीत तक्ता केला. तीन रकाने: कॅनडा, अमेरिका, आयर्लंड. आयर्लंडचा रकाना फक्त तुलनेपुरता. बावीस मुद्दे आणि प्रत्येकाला वजन. प्रवेश कशावर मिळतो, किती वर्षांचे मार्क धरतात, बाहेरून आलेल्या मुलीला कुठल्या वर्गात बसवतात, युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष किती झेपतं, सगळं आहे. आता घरबसल्या नेटवर वाचलेल्यावर माझा विश्वास नाही. माणसांशी बोलायचं.

रविवार, १८ जानेवारी

चैत्रालीताईशी दीड तास बोलले. ही माझी मामेबहीण, ओंटारिओत बारा वर्षं आहे. तिच्या शर्वाणीने यंदाच इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला.

ताईचं म्हणणं, कॅनडासारखं सरळ काम नाही. बारावीचे सहा विषय बघतात. नववी-दहावीत काय उजेड पाडला ते कोणी विचारत नाही आणि प्रवेशपरीक्षाही नाही. चाळीस तास समाजसेवा केली पाहिजे, तेवढी एक अट. मी भराभर लिहीत होते. मग ताईचा आवाज जरा खाली आला. म्हणाली, "उल्के, तुला म्हणून सांगते. मार्क वर्गातल्या बाईच देतात गं. शर्वाणीला शहाण्णव होते. पहिल्या सत्रात फिजिक्सला चोपन्न पडले. फोन करून रडली. म्हणे, आई, इथे सगळेच शहाण्णववाले आहेत."

"पहिलं वर्ष" या मुद्द्यावर कॅनडाचे चार गुण कापले. बाकी रकाना भक्कम आहे.

रविवार, २५ जानेवारी

आज मुकुल. कॉलेजातला माझा प्रॅक्टिकलचा पार्टनर, वीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनात. त्याचा ध्रुव यंदा बारावीला आहे.

तिकडे नववीपासूनचा प्रत्येक मार्क मोजतात. त्यावर शाळेतच कॉलेजच्या पातळीचे जादा विषय. सॅट नावाची परीक्षा कुणी मागतं, कुणी मागत नाही, पण सगळेच देतात. दोन शिक्षकांची पत्रं लागतात. शिवाय स्वतःबद्दल निबंध. ध्रुव बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, रोबॉट बनवतो, शनिवारी अन्नवाटपाला जातो आणि त्याने चौदा ठिकाणी अर्ज केले आहेत. मी म्हटलं, वा. मुकुल म्हणाला, "प्रोफाइल झकास झालंय. पोरगा काही घरात दिसत नाही." एक गोष्ट मात्र त्याने मनापासून सांगितली. एकदा आत गेलं की काय व्हायचं ते ठरवायला तिकडे दोन वर्षं मिळतात. कॅनडात ते बहुतेक आधीच अर्जात लिहावं लागतं. आपल्याला तर सतराव्या वर्षी एक फॉर्म भरायला लावला आणि विषय संपला.

शेवटी सहज विचारलं, आमच्या प्लांटची जमीन त्याच्या घरापासून किती लांब आहे. चाळीस मिनिटं म्हणाला. एकदा जाऊन फोटो काढून पाठव म्हटलं. भार्गवीला परिसर कळलेला बरा.

बुधवार, २८ जानेवारी

फोटो आले. लाल माती, रोवलेल्या खुंट्या, खुंट्यांना नारिंगी फिती. पाण्याची लाइन बहुतेक पूर्वेकडून घेणार. मी असते तर उत्तरेकडून घेतली असती, तिकडे उतार चांगला आहे. जेवायच्या वेळी परेश दोनदा हाक मारून गेला म्हणे.

भार्गवीला फोटो दाखवायचा राहिला.

शुक्रवार, ३० जानेवारी

अमेरिकेच्या रकान्यात तिकडच्या दहावीच्या वर्षाचे मार्क भरायचे आहेत. भार्गवीचं ते वर्ष म्हणजे हे ट्रान्झिशन इयर. शाळेत मिस गेराटींना मेल केला, की मार्क नसले तरी टक्केवारीचा काही अंदाज द्या. उत्तर दहा मिनिटांत आलं. या वर्षी आम्ही गुण देत नाही, पण भार्गवी म्हणजे गप्पांना भारी मुलगी आहे, सगळ्यांना हवीशी. आता "गप्पांना भारी" हे मी कुठल्या रकान्यात टाकू?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

डोकं फिरायची वेळ आली आहे. भार्गवीच्या कामाचे दोन आठवडे आजपासून सुरू झाले. परेशने तिची सोय क्लोनडॉकिनला स्वतःच्या कंपनीत लावली होती. सॉफ्टवेअर टेस्टिंग, अर्जात लिहायला उत्तम. ती आज सकाळी काळी पँट, पांढरा शर्ट घालून खाली आली आणि कळलं, की तिने ते महिन्यापूर्वीच बदलून घेतलंय. ती गावातल्या फ्यूनरल होममध्ये जाणार. म्हणजे मयताची सगळी व्यवस्था जिथे करतात तिथे! परेशला माहीत होतं. त्याने सहीसुद्धा केली होती.

मी म्हटलं, अगं, प्रेतं? ती तिच्या त्या नावनच्या इंग्रजीत म्हणाली की तिला कोणी प्रेताला हात लावू देणार नाही. प्रार्थनेच्या पुस्तिका वाटायच्या, चहा द्यायचा, पावसात लोकांच्या डोक्यावर छत्री धरायची, गाडी धुवायची. हेच का, विचारलं तर खांदे उडवले.

संध्याकाळी चैत्रालीताईला मेसेज केला, फ्यूनरल होममधले तास कॅनडाच्या चाळीस तासांत धरतात का. ती अजून हसतेय.

रविवार, ८ फेब्रुवारी

तक्ता पूर्ण. अमेरिका अठ्ठावन्न, कॅनडा एकाहत्तर, आयर्लंड शहात्तर.

आयर्लंड पुढे कसं गेलं हे तीनदा तपासलं. गणित चुकलेलं नाही. भाषा येते, वर्ग तोच, शिक्षक ओळखीचे, पेपर बाहेरचे लोक तपासतात, सहा विषय धरतात. ज्या ज्या मुद्द्याला मी मोठं वजन दिलं, तिथेच ते पुढे. पण तो रकाना मुळात तुलनेपुरता होता. तुलनेच्या नमुन्याला स्पर्धेत धरत नाहीत, हे माझ्या हाताखालचा कालचा पोरगाही सांगेल. काढून टाकला. आता चित्र स्वच्छ आहे. भार्गवीच्या दृष्टीने कॅनडा.

तिला आज सांगितलं, मोघमच. कॅनडा कसा वाटेल, अमेरिका कशी वाटेल. दोन्हीला "ग्रँड" म्हणाली आणि टोस्टला लोणी लावत राहिली. इथली मुलं पाय मोडला तरी ग्रँडच म्हणतात. तरी विरोध नाही, हे नोंदवते.

शनिवार, १४ फेब्रुवारी

कॅनडा ठरलंय. तरी अमेरिकेला पूर्ण संधी दिली नाही असं नको व्हायला. आज तिकडचा तो निबंध इंग्रजीत लिहून पाहिला. भार्गवीला नमुना हवा ना, कोऱ्या कागदाकडे बघून काय लिहिणार बिचारी. शाळेत तिच्या प्रोजेक्टचे तक्तेही मीच रंगवायचे. विषय होता, तुमच्या वाटेत आलेला अडथळा.

मी तिच्या वतीने लिहिलं. शाळेतला गटाचा प्रकल्प. सगळी मोजमापं तिने करायची, सगळा अहवाल तिने लिहायचा आणि मांडायच्या दिवशी उभं दुसऱ्याच कुणी राहायचं. ती शेवटच्या खुर्चीत बसून टिपणं घेते. एका वर्षी नाही, दर वर्षी. लोक म्हणतात, हिच्याशिवाय आमचं पान हलत नाही, आणि पुन्हा टिपणंच घ्यायला सांगतात. मग एके दिवशी ती ठरवते, की आता असं काहीतरी उभं करायचं ज्याची पहिली वीट आपल्या हातची असेल.

असं काही तिच्या बाबतीत घडलंय का ते ठाऊक नाही, पण घडलंच असणार. साडेसहाशे शब्द कधी झाले कळलं नाही. लिहून झाल्यावर थोडी रडले. निबंध चांगला उतरलाय. घरच्या लॅपटॉपवर "भार्गवी" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारची जेवणं झाली होती. परेश भांडी घासत होता. भार्गवी लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. तिने तो निबंध वाचला होता. तक्ताही वाचला होता, काढून टाकलेल्या रकान्यासकट, कारण जुनी प्रत मी ठेवून दिली होती. मला वाटलं, बरं झालं, चर्चा होईल. मी तक्ता समजावायला लागले.

तिने मला थांबवलं. आणि ती मराठीत बोलली. भार्गवी मराठीत बोलली की तिने आधी मनात जुळवाजुळव केलेली असते.

"आई, ही मुलगी मी नाही. आमच्या ग्रूपमध्ये प्रेझेंट मीच करते. सगळं काम शोना करते बिचारी. ही मुलगी तू आहेस."

मी म्हटलं, नमुना आहे गं तो. तू हवं ते बदल.

तर तिने एक गोष्ट सांगितली. पहिल्याच आठवड्यात मिसेस लिनम नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंचं फ्यूनरल होतं. चर्चमध्ये मुलाने भाषण केलं, आईने आमच्यासाठी सगळ्यावर पाणी सोडलं. लोक रडले. नंतर तो मुलगा, म्हणजे साठीचा माणूस, मागच्या खोलीत चहाचा कप घेऊन भार्गवीपाशी बसला. त्याच्या आईला तरुणपणी बॉस्टनच्या एका हॉस्पिटलात नर्सची जागा मिळाली होती. ती गेली नाही. जन्मभर सांगायची, तुमच्यासाठी नाही गेले. तो भार्गवीला म्हणाला, मी तिला कधी जाऊ नको म्हटलं नव्हतं, मी दोन वर्षांचा होतो.

"तू तर जाणार आहेस," भार्गवी म्हणाली, "पण तेही माझ्यासाठीच. जायचं असेल तर जा. मला तुझं कारण व्हायचं नाहीये."

मला राग आला. सोळा वर्षांची पोर, दोन आठवडे शववाहिका धुतली आणि मला शिकवतेय. मी बोलले तसं. तिच्या शिक्षणासाठी सहा आठवडे मी रविवार पाहिला नाही, हेही बोलले. मग कोट घालून बॉइन नदीच्या काठाने चालत सुटले, पार पुढच्या पुलापर्यंत. वारा बोचत होता. परत येताना पहिल्या बाकावर बसले आणि स्वतःलाच एक साधा प्रश्न विचारला. भार्गवी नसतीच, तर मी काय केलं असतं?

उत्तर यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. नॉर्थ कॅरोलायना. तक्त्यात शेवटची आलेली जागा. फिनबारने नकाशा उलगडला त्याच क्षणी मला ती हवी होती. सतरा वर्षं दुसऱ्यांची यंत्रं तपासतेय, दुसरेच ती मांडतात आणि मी टिपणं घेते. आता लिहूनच टाकते: मला हवं होतं आणि मुलीच्या नावावर मागायला सोपं वाटलं. "मला हवं" असं तोंडाने म्हणायची सवयच लावली नाही कधी.

सोमवार, २३ फेब्रुवारी

भार्गवीला सॉरी म्हटलं. "यू आर ग्रँड," म्हणाली. मग जवळ आली.

रविवार, १ मार्च

परेशला सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, तू त्या लाल मातीच्या फोटोसमोर जेवायचं विसरलीस तेव्हाच कळलं. मग बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, "तू तक्ता करत असताना तुझ्याशी बोलता येतं का?" हे खरं आहे.

मग तिघं टेबलाशी बसलो. या वेळी मी काहीच छापून आणलं नव्हतं. आधी भार्गवीला विचारलं, तुला काय हवंय. जानेवारीत हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागले असते. तिला इथेच, तिच्याच वर्गाबरोबर लीव्हिंग सर्ट द्यायची आहे. पुढे कुठे जायचं ते तेव्हा बघेन म्हणाली, कॅनडाही चालेल, तक्ता ठेव. आपण सगळे गेलोच तर ती येईल, रडारड करणार नाही. पण तिला विचारलं तर नाही.

म्हणजे मी एकटी. सव्वादोन वर्षं, तिची परीक्षा होईपर्यंत. परेशचं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस. तो म्हणाला, जमेल. त्याला तीन भाज्या येतात, चौथी शिकेन म्हणाला. मी पहिल्या वाक्याला नाहीच म्हटलं. आई असून मुलीची शेवटची दोन वर्षं सोडून जायचं? माझी आई, सासूबाई, इथल्या मंडळातल्या बायका काय म्हणतील, ते सगळं एका दमात बोलून टाकलं. परेशने शांतपणे विचारलं, मी गेलो असतो तर यातलं कोण काय म्हणालं असतं?

त्रास होईल. तिच्या उंबऱ्यातल्या चिखलाच्या बुटांना मी अडखळते आणि ओरडते, त्याचीसुद्धा आठवण येईल. हे मला आत्ताच कळतंय आणि तरी मला जायचं आहे. दोन्ही खरं आहे.

शुक्रवार, ६ मार्च

फॉर्म आज भरायचा होता. साडेचारलाच घरी आले आणि स्वयंपाकघरात टेबलाशी लॅपटॉप उघडला. पसंतीची जागा: नॉर्थ कॅरोलायना. कुटुंब सोबत येणार का: नाही. ते लिहून उठले, पाणी प्यायले, परत बसले. शेवटचा चौकोन होता, पसंतीचं कारण.

आधी माझ्या अनुभवाबद्दल आठ ओळी लिहिल्या. त्या खोडल्या. मग दोनच वाक्यं लिहिली. कारखान्यात एकाने केलेलं काम दुसऱ्या कुणी तरी तपासून दिल्याशिवाय पुढे जात नाही, ती सवय सुटत नाही. भार्गवी आताच शाळेतून आली होती, तिला म्हटलं, वाचून बघ.

मी लिहिलं होतं: "मला हा प्लांट पहिल्या विटेपासून उभा करायचा आहे. माझी मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिने मला मोकळं केलं, म्हणून मी हे करू शकते."

ती उभ्यानेच वाचत होती, दप्तर अजून खांद्यावर. दुसऱ्या वाक्यावर तिने बोट ठेवलं.

"परत मीच," ती म्हणाली. "काढ."

मी ते वाक्य काढलं. एकच उरलं. ती बाजूला सरकली आणि मी बटण दाबलं.